फौजदारांच्या ताब्यातलं स्वयंपाकघर

पिकलेलं केळं सालीसकट उकळून मी आयुष्यात एकदाच खाल्लं आहे, आणि तेही एका निवृत्त फौजदाराच्या देखरेखीखाली. खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, कसं काय. मी म्हणालो, छान. गणपतराव फौजदारांना तोंडावर 'वाईट' म्हणणारा माणूस मंगळवार पेठेत तरी मला भेटला नव्हता, आणि तो मान मला नको होता.

मी रत्नागिरीकडून मास्तरकीसाठी कोल्हापुरात आलो तेव्हा संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि फौजदारही नुकतेच निवृत्त झाले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं ते बोलण्यातून सुचवत. त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली मी भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव, गाव, वडिलांचं नाव आणि अंगावरच्या खुणा विचारून घेतल्या. हळू बोलणारा माणूस काहीतरी लपवतो अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यामुळे ते स्वतः जे बोलत ते कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत सगळ्यांचं होऊन जाई.

नोकरी सुटली तरी नोकरीची भाषा सुटली नव्हती. चष्मा सापडला नाही की तो 'फरारी' होई. दूध उतू गेलं की ते 'पळून गेलं' आणि चुलीजवळची मांजर 'संशयित'. घरात काहीही घडलं की पंचनामा झालाच पाहिजे आणि पंचनाम्याला दोन पंच लागतात. पहिला पंच मी, कारण मी घरातच होतो. दुसरे समोरच्या दुकानातले हुसेनभाई शिंपी, कारण तेही कुठे जाऊ शकत नव्हते. मशीन चालवता चालवता हाक आली की ते बिचारे तोंडात सुई धरूनच रस्ता ओलांडून येत. कुंडी फुटली, उंदीर मेला, पोस्टमनने दुसऱ्याचं पत्र टाकलं, प्रत्येक गोष्टीला आम्ही दोघे समक्ष हजर असल्याची नोंद फौजदारांच्या डोक्यात आहे.

फौजदारांच्या बायकोला, अनसूयाकाकींना, या सगळ्याची सवय झाली होती. त्या अंगाने लहान, आवाजाने त्याहून लहान. फौजदारांच्या दहा वाक्यांना त्यांचा एक हुंकार पुरे होई आणि शेवटी व्हायचं ते हुंकाराप्रमाणे होई. स्वयंपाकाला त्यांचा हात असा होता की मटणाच्या दिवशी पेठेतली माणसं उगाचच आमच्या दारावरून दोनदा जात. स्वयंपाकघर ही मात्र फौजदारांच्या हद्दीबाहेरची जागा. चाळीस वर्षं पोलिसात घालवून त्यांनी दरोडेखोरांच्या गुहा पाहिल्या होत्या, पण घरातली चूल जवळून पाहिली नव्हती.

मग काकींच्या मानेला गाठी आल्या. इथले उपाय झाले, मुंबईला नेऊन आणलं. मुंबईच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं आणि फौजदार गप्प बसले. परत आल्यावर दोन दिवस घरात कुणाचाच पंचनामा झाला नाही. हुसेनभाई मला हळूच म्हणाले, "मास्तर, हे काही खरं न्हाय. फौजदारसाब बोलंनात."

औषध नवीन होतं. मुंबईहून यायचं आणि इथल्या डॉक्टर सबनीसांनी ते थोड्या थोड्या अवधीने शिरेतून टोचायचं, असं ठरलं होतं. पहिल्या इंजेक्शनआधी डॉक्टरांनी फौजदारांना समोर बसवून सगळं समजावलं. फौजदार बसले नाहीत, उभ्याने ऐकलं. हे औषध रोगाला मारतं, पण मारताना चांगलं-वाईट फारसं बघत नाही. उलट्या होतील, तोंड येईल, चव जाईल. अंगात रोगजंतूंशी लढायची ताकद काही दिवस उरणार नाही. म्हणून पाणी उकळून. अन्न शिजवून, ताजं, गरम. कच्चं काही नको, बाहेरचं काही नको, तिखट नको. एकदम पोटभर नको, थोडं थोडं पण दिवसातून पुष्कळदा. हात धुतल्याशिवाय कुणी भांड्याला शिवायचं नाही. आणि काही झालं तरी वजन उतरता कामा नये. वजन उतरलं तर पुढचं इंजेक्शन देता येणार नाही, कारण अशक्त माणसाला ते औषध रोगाच्या आधी खाईल.

हे शेवटचं वाक्य फौजदारांनी घरी येऊन मला, हुसेनभाईंना आणि दूधवाल्याला सांगितलं. प्रत्येक वेळी सांगताना त्यांचा आवाज कमी कमी होत गेला.

शिरोळला दिलेली त्यांची लेक, कमल, आठवडाभर येऊन राहिली. पण तिचं बाळ अंगावर पिणारं, आणि त्यात बाळाला खोकला झाला. फौजदारांनी नातवाला दाराबाहेरच ओवाळलं आणि लेकीला बसमध्ये बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वयंपाकघराचा चार्ज घेतला. हे शब्द त्यांचेच.

कच्चा कांदा तडीपार झाला. त्याच्यामागून काकडी, मुळा आणि कोथिंबीर. लिंबाला जामीन मिळाला, पण उकळत्या आमटीत पिळायचं या अटीवर. आंबे पिकेपर्यंत कोठडीत आणि पिकल्यावर धुऊन, सोलून, पंचांसमक्ष कापायचे. कोल्हापुरात कांदा-लिंबाशिवाय ताट म्हणजे देवाशिवाय देऊळ, पण फौजदारांनी स्वतःच्या ताटातूनही कांदा हाकलला. एकाच छपराखाली गुन्हेगार ठेवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. दारात साबण, बादली आणि तांब्या ठेवला. पाहुण्याने हात धुतले की ते उलटे-सुलटे करून बघत, मगच आत सोडत. शिंकणाऱ्याला तिथूनच निरोप. फौजदारांची सख्खी वहिनी नाक ओढत आली तर तिची विचारपूस रस्त्यावरच झाली, आणि अर्थातच सगळ्या पेठेला ऐकू गेली.

काय उकळायचं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. काय उकळायचं नाही हे सांगायचं राहून गेलं. त्यामुळे फौजदार सगळंच उकळत. केळ्याचं मी वर सांगितलं. बिस्किटं उकळली, त्यांचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. शेजारच्या आजीबाई अंबाबाईचा प्रसाद घेऊन आल्या, खोबऱ्याचा तुकडा आणि साखरफुटाणे. प्रसाद नाकारायचा कसा, आणि कच्चा आत सोडायचा कसा? फौजदार क्षणभर अडले, मग त्यांनी आधी हात जोडले, तोंडाने क्षमा मागितली आणि प्रसाद पातेल्यात सोडला. आजीबाई चार दिवस बोलल्या नाहीत.

औषधाच्या इंग्रजी नावात मोहरी आहे, असं डॉक्टर एकदा सहज बोलून गेले. त्या दिवसापासून फोडणीतली मोहरी बंद झाली. मोहरी बाहेरून टोचली जात असताना आतून कशाला द्यायची, डोस वाढंल, असा फौजदारांचा हिशेब. डॉक्टरांनी पुष्कळ सांगितलं की त्या औषधाचा आणि आपल्या मोहरीचा नावापलीकडे काही संबंध नाही. फौजदारांनी ऐकून घेतलं आणि फोडणी जिऱ्याचीच ठेवली. नावसाधर्म्यावर त्यांनी पूर्वीही माणसं पकडली होती.

खरी धमाल मात्र रक्ताच्या तपासणीने उडवली. पहिल्या इंजेक्शननंतर डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, पांढऱ्या कमी झाल्यात. पांढऱ्या पेशी म्हणाले असतील, पण कोल्हापूरच्या माणसाच्या कानात तांबडा आणि पांढरा या शब्दांच्या पुढे एकच शब्द येतो. फौजदार दवाखान्यातून तडक खाटकाकडे गेले. घरी येऊन मला म्हणाले, "मास्तर, हिच्या अंगात पांढरा कमी पडलाय. तरी म्हटलं, गेला महिनाभर घरात रस्सा झालाच न्हाय की."

पांढरा रस्सा कसा करतात हे काकींनी खाटेवरून सांगितलं, दोन दोन शब्दांत, डोळे मिटून. मटणाच्या नळ्यांची अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं पाणी, उकळून काढायची. तीळ, खसखस वाटायची. खोबऱ्याचं दूध काढायचं, ते फुटू द्यायचं नाही. फौजदार पाटा-वरवंट्यावर वाकले आणि जुन्या दारांसारखे कुरकुरत वाटू लागले. पहिला रस्सा फुटला. दुसरा करपला. तिसरा मात्र असा झाला की मी आणि हुसेनभाई पंच म्हणून चाखायला बसलो ते वाटी निपटूनच उठलो. काकींनीही अर्धी वाटी घेतली. तिखट नाही, खळाळून उकळलेला, घशाला मऊ. आलेल्या तोंडालाही तो झोंबला नाही.

पुढच्या तपासणीत पांढऱ्या वाढल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आता तांबड्या थोड्या कमी दिसतात. इथे फौजदार पेचात पडले. तांबडा रस्सा म्हणजे तिखट, आणि तिखटावर बंदी. अख्खा दिवस विचार करून त्यांनी बीट उकडून वाटलं आणि त्याचा रस्सा केला. रंग असा आला की बघून भीती वाटावी. हुसेनभाईंनी एक घोट घेतला, वाटीत निरखून बघितलं आणि धंद्याला जागून म्हणाले, "रंग पक्का हाय, फौजदारसाब. धुतला तरी जायचा न्हाय."

ही हकीकत कळल्यावर डॉक्टर सबनीस इतके हसले की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. मग त्यांनी पेशींचं पुन्हा एकदा नीट समजावलं. शेवटी म्हणाले, पण तो पांढरा चालू ठेवा, त्यांना सोसतो आहे. फौजदारांनी आधीचं सगळं सोडलं आणि एवढंच धरलं. सरकारी डॉक्टरसुद्धा पांढरा लिहून देतात, असं पेठभर झालं. सबनीस सरकारी नव्हते, पण ते असो.

पेठेने आपल्या परीने मदत केली. कोल्हापूरकर आजाऱ्याला बरं करायचं म्हणजे त्याला खायला घालायचं एवढंच जाणतो, आणि तेच इथे गुन्हा ठरलेलं. फौजदारांचे जुने दोस्त दत्तूबा पैलवान हे मनाला लावून बसले. ताकद हवी ना, मग धारोष्ण दूध पाजा, म्हणून ते बजावत राहिले. इथे संध्याकाळी म्हैस कट्ट्यावर आणून समोर पिळतात आणि फेसासकट पेला तोंडाला लावतात. दत्तूबा त्यावरच वाढले होते. फौजदार म्हणाले, उकळल्याशिवाय दुधाचा थेंब आत जाणार नाही. त्यावर दत्तूबांनी एके दिवशी म्हैसच दारात आणून उभी केली.

"उकळायचं कशाला?" दत्तूबा म्हणाले. "म्हशीच्या पोटातनं गरमच येतंय की."

"म्हशीच्या पोटात चूल हाय का?" फौजदार म्हणाले.

दोघांचा वाद रंगला आणि पेठ जमली. शेवटी तडजोड झाली. म्हशीची कास साबणाने धुवायची, भांडं उकळून घ्यायचं, दूध दारात पिळायचं आणि लगेच चुलीवर चढवायचं. इतकं सगळं फौजदारांनी जातीने करवलं. दूध तापत होतं, दोघे चुलीपाशी ते उकळलं की नाही यावर पुन्हा भांडत होते, आणि बाहेर म्हशीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ती उंबरा ओलांडून सरळ माजघरात आली आणि काकींसाठी उकळून, गाळून, गार करून ठेवलेलं घंगाळभर पाणी एका दमात प्याली. उकळून गार केलेलं पाणी प्यालेली म्हैस कोल्हापुरात ती पहिलीच असावी. फौजदार बाहेर येऊन बघतात तो म्हैस काकींच्या खाटेशी उभी, तोंडातून पाणी गळतंय आणि काकी तोंडावर पदर धरून हसताहेत. हसताना त्यांना धाप लागली, तरी त्या हसत होत्या. फौजदारांनी म्हशीला काही म्हटलं नाही.

हसल्या, पण जेवल्या नाहीत. आता खरं तेच होतं. म्हैस, मोहरी, बीट यावर आम्ही सगळे हसत होतो, आणि काकी दिवसेंदिवस खाटेत बारीक होत चालल्या होत्या. फौजदार दर दोन तासांनी ताट घेऊन जात. कधी गुरगुट्या भात, कधी मुगाचं कढण, कधी रस्सा. ताट पुढे ठेवून समोर खुर्चीवर बसत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, कैदी जेवताना बसावं तसे. आणि म्हणत, खा. काकी मान खाली घालून एक घास घेत, दुसरा घेत, तिसऱ्याला ताट सारत. फौजदार म्हणत, चव न्हाय का? काकी म्हणत, चव हाय. मग का खात न्हाईस? त्यावर हुंकारसुद्धा येत नसे.

डॉक्टरांचा काटा दवाखान्यात आणि तिथे वजन व्हायचं ते इंजेक्शनच्या वेळी. तोपर्यंत थांबणं फौजदारांना शक्य नव्हतं. शाहूपुरीत त्यांच्या ओळखीच्या गुळाच्या अडत्याचा मोठा तराजू होता, लाकडी पारड्यांचा. दर सोमवारी सकाळी माल यायच्या आत टांगा करून ते काकींना तिथे नेत, मला आणि हुसेनभाईंना पंच म्हणून. पारडं पुसून त्यावर उकळून वाळवलेली चादर घालत. एका पारड्यात काकी मांडी घालून, डोक्यावरून पदर घेऊन, लग्नातल्या नवरीसारख्या बसत. दुसऱ्यात गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, चढत. रव्याने भागेना म्हणजे वजनं, आणि शेवटी गुळाचे खडे. "वहिनी दीड रव्याला थोड्या कमी," असं तोलाईदार गंभीरपणे सांगे. सगळी हमाल मंडळी आपलीच आई तोलली जातेय अशी उभी राहत.

पहिल्या सोमवारी वजन उतरलेलं निघालं. त्या दिवशी फौजदार जेवले नाहीत. चूक माझ्या हातची आहे, शिक्षा मला, असं म्हणाले. दुसऱ्या सोमवारी आणखी उतरलं. मग त्यांनी ठरवूनच टाकलं की हिचं वजन वाढेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही, चहावर राहीन. हुसेनभाईंनी समजावलं, मी समजावलं. चहावर राहिलेला फौजदार आधीच्या फौजदारापेक्षा जास्त ओरडतो, एवढंच आम्हाला समजलं.

आणि तिसऱ्या सोमवारी वजन चक्क वाढलं. अडत्याने सगळ्यांना गूळ वाटला. फौजदार घरी येऊन पाटावर बसले आणि पोटभर जेवले. काकी खाटेवरून बघत होत्या. पुढचा सोमवारही चांगला गेला. फौजदारांनी डॉक्टरांना निरोप धाडला, पेशंट तब्येतीने सुधारतोय, सुई तयार ठेवा.

याच सुमारास घरात चोरी होऊ लागली. वरवंटा नाहीसा होई. पाटा जागेवर, वरवंटा नाही. सोमवारी सकाळी रश्शाचं वाटायला घ्यावं तर वरवंटा नाही, आणि संध्याकाळी बघावं तर पाट्यावर हजर. फौजदारांचा चेहरा कित्येक दिवसांत प्रथमच उजळला. खरा गुन्हा घरात घडत होता. त्यांनी माझा जबाब घेतला. खाणावळीत जेवणाऱ्या सडाफटिंग माणसाला वरवंट्याचा काय उपयोग, हे मी विचारलं, तर म्हणाले, तेच तर शोधायचं हाय. हुसेनभाईंचा जबाब घेतला, तर ते इतके अडखळले की मला आश्चर्य वाटलं. फौजदारांचं निदान असं की चोर प्रामाणिक आहे, वापरून परत ठेवतो, म्हणजे ओळखीचा आहे.

रविवारी रात्री निजण्यापूर्वी त्यांनी वरवंट्याला ओली हळद चोळून ठेवली. नोकरीतली जुनी युक्ती. सकाळी वरवंटा गेलेला. फौजदारांनी माझे तळहात बघितले, हुसेनभाईंचे बघितले, दूधवाल्याचे, झाडूवालीचे बघितले. सगळ्यांचे स्वच्छ, कारण त्या घरात शिरणारा प्रत्येक जण साबणाने हात धुऊनच येत होता. स्वतःचाच कायदा फौजदारांच्या आड आला. चडफडत ते टांग्यात बसले.

अडतीवर नेहमीप्रमाणे काकी पारड्यात बसल्या, समोर रवे चढले, काटा मध्यावर आला. तोलाईदार म्हणाला, दीड रवा भरला. हमालांत आनंद झाला. फौजदार काकींना उठवायला हात देऊन वाकले आणि तसेच थांबले. काकींच्या फिक्या निळ्या लुगड्यावर, ओच्यापाशी, हळदीचा ओला डाग उमटला होता.

फौजदार काही बोलेनात. त्यांच्या तोंडून आवाज न आलेली ही दुसरी वेळ. काकींनी त्यांच्याकडे बघितलं, डागाकडे बघितलं. मग सावकाश ओच्यात हात घातला, जाड कापडाच्या थैलीत घातलेला वरवंटा बाहेर काढला आणि फौजदारांच्या हातात दिला. तो हातात देताच गुळाचं पारडं खाली गेलं आणि काकी वर गेल्या. इतक्या वर गेल्या की त्यांचा चेहरा फौजदारांच्या चेहऱ्यासमोर आला.

"थैली मी शिवली," हुसेनभाई मागून म्हणाले. "भाभींनी शपथ घातली हुती."

पंचच चोराला सामील, पण त्याकडे फौजदारांचं लक्ष गेलं नाही. ते काकींना म्हणाले, "कवापासनं?"

"तुमी जेवायचं सोडल्यापासनं," काकी म्हणाल्या.

"अगं, मी जेवलो न्हाय तर माझं मी बघीन. तू का खात न्हाईस? मी रांधलेलं गिळवंना व्हय?"

काकींनी अडतीतल्या माणसांकडे एकदा बघून घेतलं. चारचौघांत नवऱ्याशी त्या कधी एवढं बोलल्या नसतील. "लगीन झाल्यापासनं तुमच्या आधी एक घास तरी घेतलाय का मी?" त्या म्हणाल्या. "आता तुमी ताट मांडून, उपाशीपोटी माझ्या तोंडाकडं बघत बसताय. माझ्या घशाखाली उतरायचं कसं?"

मी मान खाली घातली. इतके दिवस आम्ही सगळ्यांनी पाणी उकळलं, हात धुतले, पेशी मोजल्या, आणि ज्या बाईने जन्मात नवऱ्याआधी हात ताटाला लावला नाही ती दर दोन तासांनी एकटी कशी जेवणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टरांच्याही नाही. त्यांच्या पुस्तकात ते असणार कुठून?

काकी म्हणाल्या, "ह्यास्नी बसवा काट्यावर." फौजदार मुकाट्याने बसले. तोलाईदाराने रवे चढवले, एक रवा उतरवला, पुन्हा बघितलं आणि आकडा मोठ्याने सांगितलाच नाही.

त्या दिवशी दुपारी माजघरात दोन पाट समोरासमोर मांडले गेले. दोन ताटांत तोच गुरगुट्या भात, तेच कढण. फौजदारांनी पहिला घास घेतला, अळणी लागला असणार, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. मग काकींनी घेतला. फौजदारांनी दुसरा घेतला, काकींनी दुसरा. दर दोन तासांनी असंच. काकींना दिवसातून सात वेळा खायचं तर फौजदारांनाही सात वेळा, आणि तेही बिनतिखटाचं, बिनकांद्याचं, उकळलेलं. तांबड्या रश्श्यावर वाढलेला तो माणूस तिन्हीत्रिकाळ मुगाचं कढण भुरकत बसे. त्यांना विचारलं तर म्हणत, ड्युटी हाय.

इंजेक्शनच्या दिवशी डॉक्टरांनी काकींना काट्यावर उभं केलं. फौजदारांनी आधीच कबूल केलं की मागचा निरोप खोट्या पुराव्यावर आधारलेला होता. डॉक्टरांनी आकडा बघितला आणि नर्सला सुई उकळायला ठेवायला सांगितलं. फौजदार तिच्यामागून गेले आणि पाणी खळखळेपर्यंत तिथेच उभे राहिले.

काकी त्यानंतर काही वर्षं होत्या. डॉक्टरांना वाटलं होतं त्याहून जास्त, आणि फौजदारांना हव्या होत्या त्याहून फार कमी. गाठी परत आल्या तेव्हा माझी कागलला बदली झालेली होती. निरोप मिळाला तो उशिरा. मी पोचलो तो दहाव्या दिवशी, पंचगंगेच्या घाटावर.

पिंड मांडून झाला होता आणि कावळा शिवत नव्हता. झाडावर कावळे होते, येत होते, बाजूला बसत होते, पिंडाकडे ढुंकून बघत नव्हते. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. कमल रडत रडत म्हणाली, आई, बाबांना मी सांभाळीन. दत्तूबा म्हणाले, वयनी, फौजदाराला एकटं पाडणार न्हाय. हुसेनभाई लांब उभे होते, तेही दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी वरवंट्याच्या थैलीची माफी मागितली. ऊन चढलं. कावळे बसून राहिले.

फौजदार ओल्या धोतराने इतका वेळ नुसतेच बसले होते. खूप वाळले होते. ते कमलला म्हणाले, मला वाढ. कमलला कळेना. नैवेद्याच्या भांड्यात भात उरला होता, तो दाखवून म्हणाले, तो वाढ पानावर. गुरुजी घाईने म्हणाले, अहो, काकस्पर्श झाल्याशिवाय घरच्यांनी अन्न घ्यायचं नसतं.

"तुमचं शास्त्र बरोबर असंल, गुरुजी," फौजदार म्हणाले. "पर ती माझ्या आधी जेवायची न्हाय."

सगळ्यांच्या देखत त्यांनी घाटाच्या पायरीवर मांडी घातली, पान पुढे ओढलं आणि पहिला घास घेतला. तो चावून गिळला. दुसरा घेतला. मागे पिंडापाशी पंख फडफडले, आणि कमलने तोंडात पदर कोंबला.

फौजदारांनी मागे वळून बघितलं नाही. पानावरचा भात कालवत ते त्यांच्या मानाने फारच हळू आवाजात म्हणाले, "सावकाश जेव."